मामांच्या ताटाची नोंद

खोटं न बोलणारी माणसं मी दोन-चार पाहिली आहेत, पण खोटं न लिहिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. बोलताना मामा हव्या तेवढ्या थापा मारतात. आमचं आजोळ देवगाव रंगारीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी रानात लांडग्याच्या कानफटात कशी ठेवून दिली, ही हकिगत मी मामांच्या तोंडून निदान पंधरा वेळा ऐकली आहे आणि दर खेपेला लांडगा थोडा वाढलेला असतो. पण हातात पेन आलं की मामांची पाठ ताठ होते आणि तोंड बंद होतं. मी चौथीत असताना आईने त्यांना माझ्या रजेचा अर्ज लिहायला सांगितला, पोटात दुखतंय असं लिही म्हणाली. मामांनी लिहिलं, ‘भाच्याला आज शाळेत यावयाचे नाही. कारण विचारले असता सांगत नाही.’ हेडमास्तरांनी तो अर्ज मला सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचायला लावला.

हा खरेपणा नोकरीने त्यांच्या अंगात मुरवला होता. पैठणच्या धरणाच्या वरच्या अंगाला नदीत रोवलेली मोजपट्टी रोज सकाळी वाचायची आणि येणारं पाणी रजिस्टरात मांडायचं, एवढं एकच काम मामांनी एकतीस वर्षं केलं. स्वतःच्या लग्नाच्या सकाळी ते हळदीच्या अंगाने सायकल मारत नदीवर गेले, पट्टी वाचली, आकडा लिहिला आणि मग बोहल्यावर चढले. तोवर वऱ्हाड मांडवात ताटकळत होतं आणि मामीचे वडील नवरदेव पळाला म्हणून फेटा सोडून बसले होते. या नोकरीने मामांना एक खोड कायमची लावली. ते सगळं बोटांत मोजतात. चहा दोन बोटं कमी, शर्ट चार बोटं लांब, आणि दिवाळीला मी पाया पडायला वाकलो की वरून आशीर्वादाच्या आधी ऐकू येतं, “कपाळ एक बोट वाढलंय की रं तुजं.”

निवृत्तीनंतर मामा-मामींनी हर्सूलच्या पुढे एका नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या. मीही शहरातच शाळामास्तर, त्यामुळे आठवड्यातून एक चक्कर व्हायची. मामांना साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन्ही वेळा ताटात दोनच भाकरी असा नियम घालून दिला आणि रोज काय खाता ते लिहून ठेवा म्हणाले. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी सुनंदा त्या आठवड्यात आली होती. तिने जुनी वही मोडीत काढून मामांच्या हातात नवा फोन दिला आणि त्यात जेवणाची नोंद ठेवणारं एक ॲप घालून दिलं. ताटाचा फोटो काढायचा, पदार्थाचं नाव निवडायचं, नग टाकायचे. आठवड्याला वजन टाकायचं. पुण्यात बसून सुनंदाला ते सगळं तिच्या फोनवर दिसणार होतं. आमचा अंदाज होता की हे खूळ फार तर दोन दिवस टिकेल. पण मामांना एकदा नोंद ठेवायला सांगितलं म्हणजे काय होतं, याचा विसर आम्हाला कसा पडला कोण जाणे.

त्या ॲपमध्ये एक बाई मराठीत बोलायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “शाब्बास! आजची नोंद पूर्ण झाली!” मामा फोनकडे बघतच राहिले. मला म्हणाले, “एकतीस वर्षं पाणी लिवलं, एकानं शाब्बास म्हणलं नाय. ही बाई रोज म्हणती.” त्या दिवसापासून ती बाई त्यांची साहेब झाली. मामी तिचं नाव निघालं की भांडी जरा जोरात ठेवायची. त्यात ॲपने भाकरी लहान, मध्यम की मोठी असं विचारलं. मध्यम म्हणजे किती, हे कुणीच सांगेना, तेव्हा मामांनी माझ्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली आणि मामीची भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या आडवी-उभी मोजली. मामी माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ रं बाबा. चाळीस वर्षं भाकरी थापती, एकानं नाव ठिवलं नाय. आता पट्टी लावून बघत्यात.” येसरची आमटी त्या ॲपच्या यादीत नव्हती, धपाटे नव्हते, हुलग्याचं माडगं नव्हतं. मामांनी प्रत्येकासाठी वेगळा निरोप टाकला, ‘सदर पदार्थ यादीत नाही, तरी घ्यावा.’ उत्तर आलं नाही की आठ दिवसांनी स्मरणपत्र.

हे सगळं चाललं होतं ती वर्षं वाईट होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती, नळ आठवड्यातून एकदा शिंकल्यासारखा करून थांबायचा. आणि त्याच वेळी शहर चहूकडे वाढत सुटलं होतं. प्यायला पाणी नाही आणि दर महिन्याला नवा पाया खणलेला, हे मला आजही उमगलेलं नाही. मामांच्या गल्लीत टँकर आला की हंडे, ड्रम, बादल्या आणि शिव्या एकदमच बाहेर पडत. एकदा भर गर्दीत मामांच्या खिशातून ती बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, “पाणी प्या! आज अजून पाच ग्लास बाकी आहेत!” सगळ्या रांगेच्या माना वळल्या. मग एका म्हातारीने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, “आवो, आधी भरू तरी द्या की तुमच्या बाईला म्हणावं!” मामांनी तिथल्या तिथे फोनमध्ये लिहिलं, ग्लास तीन. खरोखर तीनच झाले होते.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा होती. पान वाढून झालं, श्लोक म्हणून झाला, माणसं पहिला घास घेणार तर मामा उभे राहून पानाचा फोटो काढताहेत. पैठणला एका लग्नात आचाऱ्याला वाटलं हा माणूस तपासणीला आलाय. त्याने स्वतः येऊन मामांच्या पानात तीन जिलब्या वाढल्या. साखरेच्या माणसाने जिलबी कशी खायची म्हणून मी त्या हळूच माझ्या पानात घेतल्या आणि खाऊन टाकल्या. घरी आल्यावर बघतो तर मामांच्या नोंदीत जिलबी तीन नग. मी म्हटलं, मामा, त्या तर मी खाल्ल्या. मामा माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “पडल्या कुणाच्या पानात? माझ्या. मग माझ्याच नावावर.” मला हसू आलं. त्या वेळी जरा डोकं चालवलं असतं तर पुढे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला नसता, पण जिलबी खाल्लेल्या माणसाकडून विचाराची अपेक्षा करू नये.

फोटोचं आणखी एक प्रकरण झालं. मामीच्या स्वयंपाकघरात उजेड कमी. तिथे काढलेल्या फोटोतल्या ज्वारीच्या भाकरीला ॲपने एकदा पापड म्हटलं आणि एकदा ऑम्लेट. माळकरी माणसाच्या नावावर ऑम्लेट! मामा हादरले. दुसऱ्या दिवसापासून न्याहारी, दुपार आणि संध्याकाळ, तिन्ही वेळा ते ताट घेऊन मागच्या दाराने उजेडात जाऊ लागले. संध्याकाळचं जेवण त्यापायी दिवस मावळायच्या आत उरकायची पद्धत पडली. फोटोसाठी गेलेले मामा तिकडेच जेवून रिकामं ताट घेऊन यायचे. मामी रुसली होती, ती काही बघायला गेली नाही.

मग वजन उतरायला लागलं. दर रविवारी मामा पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभे राहत आणि आकडा ॲपमध्ये टाकत. अडुसष्ट, सहासष्ट, पासष्ट. आधी आम्ही खूश झालो, साखरेला चांगलं म्हणून. बासष्ट झालं तेव्हा सुनंदाचा फोन आला, “दादा, जेवण रोज सारखंच आहे रे. दोन भाकरी, दोन भाकरी, एकदाही खाडा नाही. मग वजन का उतरतंय?” चौथ्या महिन्यात काटा साठवर आला. मामांच्या सदऱ्याची बाही मनगटावर झोके घ्यायला लागली. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोन हातात घेऊन चार महिन्यांची नोंद वर-खाली केली, रक्त तपासलं. साखर ताब्यात होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “नोंद इतकी चोख मी आजवर पाहिली नाही. चुकीची असती तर बरं झालं असतं. माणूस पोटभर जेवतोय आणि झिजतोय, म्हणजे आत काहीतरी असू शकतं. सोमवारी पोटाचा स्कॅन करून घेऊ.” त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मामीला तर न सांगताच कळलं. घरात प्यायला पाणी मोजून असताना तिने देव पाण्यात ठेवले.

मामा मात्र शांत होते. पातळी उतरते आहे, हे ते एखाद्या नदीबद्दल सांगावं तसं स्वतःबद्दल सांगत. त्या शनिवारी मी निघताना त्यांनी मला थांबवलं आणि फोन पुढे केला. “ह्ये बंद कसं करायचं तेवढं सुनंदाकडून शिकून ठिव. मी गेल्यावर तुजी मामी एकटीच असंल घरात, आन्‌ ही बाई तिन्ही टायमाला इचारत ऱ्हाईल, जेवलात का म्हणून.”  गाडी सुरू करून मी कोपऱ्यावर गेलो आणि चहाच्या टपरीमागे उभा राहून रडून घेतलं. पन्नाशीचा माणूस टपरीमागे रडतो हे चांगलं दिसत नाही, पण दुसरी जागा सापडली नाही.

सोमवारचा स्कॅन उपाशीपोटी होता आणि सकाळी लवकर जायचं होतं, म्हणून रविवारी दुपारीच मी मामांना माझ्या घरी न्यायला गेलो. मामी ओट्यापाशी बसली होती. म्हणाली, “ताट घेऊन गेलेत मागं. जा, घेऊन ये.” मी मागच्या दाराने बाहेर पडलो. अंगणात मामा नव्हते. मागची भिंत कोपऱ्यात ढासळलेली, तिच्या पलीकडे एक मोकळा प्लॉट, त्यात जाळी लावून केलेला मेंढरांचा वाडा. दुष्काळात चारा शोधत आलेलं देवगावकडचं कुणीतरी तिथे उतरलेलं असावं. आणि लिंबाच्या सावलीत, घोंगडीवर, मामा आणि त्यांच्याच वयाचा एक मुंडासंवाला म्हातारा एका ताटात जेवत होते. मी पोहोचलो तेव्हा दुसऱ्या भाकरीचा शेवटचा चतकोर म्हाताऱ्याच्या हातात होता. मामा नुसतीच आमटी बोटाला लावत बसले होते.

“मामा, हे काय?”

“काय म्हंजे? जेवतोय. ह्यो लिंबाजी, आपल्या भावकीतला. याची पोरं-सुना दिवसभर त्या बिल्डिंगीच्या कामावर असत्यात. चूल रातीच पेटती.”

“रोज जेवता असे?”

“तिन्ही येळंला,” मामा म्हणाले. “ताट घेऊन फोटोला बाहीर आलो पयल्या दिशी, तर ह्यो समोर बसल्याला. त्याच्या म्होरं मी एकट्यानं खाऊ व्हय?”

“अहो, मग तुम्ही स्वतः किती खाता?”

मामांनी विचार केला. “आर्धी भाकर. कवा एक.”

“आणि ॲपमध्ये दोन लिहिता?”

“ताटात दोनच पडत्यात की! मी काय चुकीचं लिवलं?” मामांचा आवाज चढला. “नदीवर मी आलेलं पाणी लिवायचो. सोडलेलं पाणी दरवाज्यावरचा माणूस लिवायचा. त्याच्या वहीत मी एकतीस वर्षांत हात घातला नाय. ह्या बाईनं आत आलेलं इचारलं, मी सांगितलं. दिलेलं लिवायचा तिच्याकडं रकानाच नाय.”

मी घोंगडीच्या कडेला बसलो. मामीला सांगितलं असतं तर तिने आणखी दोन भाकरी टाकल्या नसत्या का, असं विचारलं. मामा म्हणाले, “मग ताटात चार झाल्या असत्या. डाक्टरनं दोन सांगितल्यात. चार लिवल्या असत्या तर त्या बाईनं काय म्हणलं असतं?” मग लिंबाजीला वेगळं ताट का नाही दिलं, असं मी म्हटल्यावर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी शहरात वाढलो याची मला लाज वाटली. मामा हळू आवाजात म्हणाले, “येगळं ताट वाढलं की त्यो मागत्या झाला. माझ्या ताटात बसला तर भाऊ हाय.”

 लिंबाजी फार संकोचून मला म्हणाला, “बापू, मला ठावं नव्हतं वो. ह्ये म्हणले, डाक्टरनं कमी खायला सांगितलंय. मला वाटलं, तेवढाच आपला हातभार.”

मी हसायला लागलो. थांबताच येईना. पोटात काहीच नव्हतं, कसलीच गाठ नव्हती, काहीही नव्हतं, नुसती भूक होती! इतके दिवस आम्ही ज्या मरणाकडे बघत होतो ते घोंगडीवर बसून भाकरीचे तुकडे वेचत होतं. माझा आवाज ऐकून मामी भिंतीपाशी आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग जो तोंडाचा दांडपट्टा सुरू केला, त्याच्यात मामा, मी, ती ॲपमधली बाई, डॉक्टर आणि लिंबाजीची मेंढरं असे सगळे सापडले. बोलता बोलताच ती आत गेली आणि भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. त्या दुपारी मामा तीन भाकरी जेवले. बाईला तीनच सांगितल्या.

डॉक्टरांनी तरीही सोमवारी स्कॅन केला, मनात शंका नको म्हणून. तो स्वच्छ निघाला. रिपोर्ट वाचून त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं टेकवून हसले. मामा मात्र खुर्चीत अंग चोरून बसले होते. चार महिन्यांची नोंद चुकीची ठरली, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला डाग होता. “साहेब, माझी चूक झाली,” ते म्हणाले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. “मामा, चूक माझी. मी ताटात किती ते सांगितलं, तोंडात किती ते विचारलंच नाही. आता तोंडात जाईल तेवढं लिहा.” बाहेर येऊन मी सुनंदाला फोन लावला. ती आधी रडली, मग बापावर ओरडली, मग पुन्हा रडली, आणि शेवटी तिने विचारलं की लिंबाजीकाकांना साखर आहे का. मी बस स्टॉपवर उभा राहून उसाचा रस प्यायलो. इतका गोड रस त्या वर्षी मी दुसरा प्यायलेला नाही.

त्यानंतर ताटाच्या जागी परात आली. मामी पाच भाकरी टाकायची, मागच्या भिंतीवरून परात पलीकडे द्यायची आणि तिथेच उभी राहून मामांच्या तोंडात दोन जातात की नाही हे बघायची. मामा प्रत्येक घासाचा हिशेब मनात ठेवून बाईला बरोबर दोन कळवायचे. फोटोत परात दिसे, त्यामुळे ॲप कधी कधी घाबरून पंगत आहे का असं विचारत असे. पुढे पाऊस झाला, रानात हिरवं आलं, आणि एका सकाळी लिंबाजीचा वाडा मेंढरांसह देवगावकडे निघून गेला. जाताना त्याने मामीला एक घोंगडी दिली. त्या प्लॉटवर आता तीन मजली इमारत उभी आहे. तिच्या फाटकावर पहारेकरी बसतो. कोरडं वर्ष आलं तरी मेंढरांनी तिथे उतरावं अशी जागा राहिलेली नाही आणि लिंबाजी कुठे उतरतो ते आम्हाला माहीत नाही.

मामा आता आत बसून जेवतात. सुनंदाने स्वयंपाकघरात मोठा दिवा लावून दिला आहे. मागच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गिरणीत गेलो होतो. मामा चपला काढून काट्यावर चढले. काटा डुलत डुलत अडुसष्टवर थांबला. गिरणीवाला म्हणाला, वा मामा, भरून आलं सगळं. मलाही इतकं बरं वाटलं की मी सुनंदाला तिथूनच फोन लावायला निघालो. मामा काट्यावरून उतरले नाहीत. आकड्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “एकट्यानं खाल्लेलं अंगाला लागतंय रं. त्याचंच वाईट वाटतं.”